पिचकारीचा पहारा

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही. कसाऱ्याच्या घाटापलीकडे कुणी असला तर मला ठाऊक नाही, पण अलीकडे नाही. हे मी बायकोच्या माहेरच्या कुठल्याही माणसासमोर छातीठोकपणे सांगतो आणि आजवर मला कुणी अडवलेलं नाही. हट्टी माणसं आपण सगळेच बघतो. कुणी जागेच्या वाटणीवरून अडून बसतो, कुणी लग्नात पंक्तीचा मान मिळाला नाही म्हणून. आमच्या साडूंनी मात्र एका वाळक्या दिसणाऱ्या काडीसाठी बिल्डर, सोसायटी, नगरसेवक आणि सख्खी बायको या चौघांनाही रविवारच्या दुपारपर्यंत थांबवून ठेवलं. वर त्या चौघांपैकी तिघांकडून स्वतःच्या घरात काम करून घेतलं. नगरसेवक फोनवरच होते, घरी आले नाहीत, एवढंच.

साडू कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. चौतीस वर्षं मोजण्याची नोकरी केली, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना काही खरं वाटत नाही. चहा किती गरम आहे ते हे मोजणार, पावसाचं पाणी किती पडलं ते गच्चीवर डबा ठेवून मोजणार. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून की काय, त्यांनी वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात, चार फुटी समुद्र आणून ठेवला. काचेची टाकी, तयार मीठ घालून केलेलं खारं पाणी, दगड, प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. त्या टाकीसाठी सोफा गॅलरीत गेला. पाहुणे पावसाळ्यात छत्री घेऊन सोफ्यावर बसत, मासे हॉलमध्ये पंख्याखाली. पाण्याचा खारटपणा मोजायला त्यांच्याकडे दुर्बिणीसारखी एक नळी आहे. एकदा जेवताना माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, पोळ्या लाटत असताना त्यांनी आमटीचा एक थेंब त्या नळीवर घेतला, उजेडाकडे धरून डोळा लावला आणि म्हणाले, "कमी आहे. यात मासा जगणार नाही." ताईंनी लाटणं खाली ठेवून नुसतं बघितलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे बाहेर जेवलो.

पण मासे, दगड ही नुसती सजावट. टाकीचा खरा मालक म्हणजे समुद्रपंखा. हातात धरायच्या जुन्या विणलेल्या पंख्यासारखा चपटा, जाळीदार, जांभळा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते झाड वाटलं आणि मी तसं म्हणालोही. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि साडूंच्या घरी पहिलाच फराळ होता. त्यांनी फराळाचं ताट माझ्या पुढ्यातून उचललं, हातात भिंग दिलं आणि मला टाकीसमोर पाटावर बसवलं. "झाड नाही, प्राणी आहे. एक नाही, हजारो. जाळीच्या प्रत्येक भोकातून एक बाहेर आलाय. त्याला हात आहेत. मोजा." मी भिंग लावलं. तपकिरी रंगाची, तिळापेक्षा लहान फुलं पाण्यात डुलत होती. मी कसेबसे मोजले आणि म्हणालो, सात. "परत मोजा, डोंबिवलीकर." मला ते आजही डोंबिवलीकरच म्हणतात. दुसऱ्यांदा सहा आले. तिसऱ्यांदा परत सात. या कुळातल्या प्रत्येकाला आठच हात असतात, ना कमी ना जास्त, हे सांगून झाल्यावर ताट परत आलं, पण चकली तोवर मऊ पडली होती. त्या घरात आठ मोजल्याशिवाय चहा मिळत नाही. गॅसवाला, पोस्टमन, जनगणनेला आलेल्या बाई, सगळे आठ मोजून चहा पिऊन गेलेत. मीच काय तो सातवर अडकलेला.

समुद्रपंखा ओळखायचा कसा, यावर ते दोन तास बोलू शकतात, आणि आमच्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला खरोखरच बोलले. थोडक्यात सांगायचं तर ही मंडळी दोन घराण्यांची. एकाची फुलं तपकिरी. हे अंगात बारीक शेवाळ बाळगतात, ते उजेडावर अन्न करतं, म्हणजे स्वयंपाक घरच्या घरी. दुसरं घराणं दिसायला फार देखणं, लालभडक, केशरी, त्यावर पांढरी शुभ्र फुलं. यांना उजेडाचा काही उपयोग नाही. यांना दिवसातून पाच-सहा वेळा डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक खाणं भरवावं लागतं. "पहिला सुनेसारखा, दुसरा जावयासारखा," असं ते माझ्याकडे बघून म्हणतात. ही अक्कल त्यांना आधी नव्हती. सुरुवातीला दुकानदाराने त्यांच्या गळ्यात केशरीच मारला होता आणि साडूंनी त्याला मोठ्या कौतुकाने दिव्याखाली ठेवलं. तो दोन महिने उजेडात बसून उपाशी मेला. साडूंनी दहा दिवस दाढी केली नाही. कारखान्यातले जुने मित्र भेटायला आले तेव्हा ते म्हणाले, "चूक माझी. मी रंग बघितला, फूल बघितलं नाही." त्यानंतर तपकिरी फुलांचा हा जांभळा आला. परदेशी जातीचा, टाकीतच वाढवलेल्या पंख्याची फांदी, तळहाताएवढी. त्याची सगळी कागदपत्रं एका फायलीत असतात आणि त्याच फायलीत मुलीचा जन्मदाखला असतो. आपल्या समुद्रातल्या पंख्याला हात लावायचा नाही, कायद्याने तो वाघाच्या बरोबरीचा आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात.

या ज्ञानापायी आमच्या घरात एकदा चांगलंच रामायण झालं. माझ्या आतेभावाने डोंबिवलीत नवीन ब्लॉक घेतला. वास्तुशांतीला सगळे जमलेले, आणि दारावर चौकटीत मढवलेलं इंद्रजाल लावलेलं. वाईट नजर लागू नये म्हणून लोक लावतात ते, काळं, जाळीदार. साडू आत यायच्या आधीच उंबऱ्यावर थांबले, खिशातून भिंग काढलं, चपला काढण्याच्या स्टुलावर चढले आणि भर गर्दीत म्हणाले, "अहो, हा मेलेला समुद्रपंखा आहे. तुम्ही दारावर मढं टांगलंय." भटजींच्या हातातली पळी थांबली. आतेभावाची सासू रडायला लागली. मी साडूंना कोपराला धरून जिन्यात नेलं तर तिथे मला म्हणतात, "तुम्हीच सांगा, मी खोटं बोललो का?" आतेभाऊ पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. साडूंशी बोलायचा, कारण दुसऱ्याच आठवड्यात साडूंनी त्याच्या नळाचं पाणी फुकट तपासून दिलं होतं.

तर अशा माणसाची बिल्डिंग पाडायची वेळ आली. वर्तकनगरात आता जुनी इमारत दिसेनाशी झालीय, सगळीकडे पत्रे आणि क्रेन. साडूंच्या सोसायटीनेही सह्या केल्या. एका रविवारी दुपारी बारा वाजता सगळ्यांनी किल्ल्या द्यायच्या आणि नंतर वीज तोडायची, असं ठरलं. ताईंनी बाळकुमला तळमजल्यावर भाड्याने जागा बघितली, महिनाभर आधीपासून खोकी बांधायला घेतली. आणि शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी समुद्रपंख्याने सगळी फुलं आत ओढून घेतली. अंगावर मेणचट राखाडी थर आला. जांभळा रंग गेला, नुसती काडी उरली. साडू शांत होते. "कात टाकतोय. मधूनमधून टाकतो. अंगावर शेवाळ बसू लागलं की जुनी साल सोडून देतो. जोराचा प्रवाह मिळाला की आठवड्यात मोकळा होईल. पण साल अंगावर असताना बादलीत घालून हलवला तर आतल्या आत कुजेल."

जोराचा प्रवाह द्यायला त्यांच्याकडे लाटा करणारा एक पंप होता. गुरुवारी सकाळी त्यांनी तो स्वच्छ करायला काढला आणि स्वयंपाकघरात व्हिनेगरच्या टोपात भिजत ठेवला, कारण तो तसाच साफ करतात. मग ते रेशनच्या दुकानात पत्ता बदलायला गेले. इकडे ताईंनी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. टोपात काहीतरी मोटारीसारखं दिसलं, ते मिक्सरचं समजून त्यांनी पुसलं आणि कुठल्याशा खोक्यात बांधून टाकलं. टेम्पो गेला. बाळकुमला त्रेपन्न खोकी उतरली आणि त्यातल्या एकतीस खोक्यांवर ताईंच्या हाताने एकच शब्द लिहिलेला होता: किरकोळ. माझी बायको आणि ताई शुक्रवारभर खोकी उघडत बसल्या. मिक्सर मिळाला, भांडी मिळाली, हरवलेली लग्नातली साडीसुद्धा मिळाली. पंप मिळेना. नवीन मागवायचा तर चार दिवस.

सोसायटीच्या अध्यक्षांना साडूंनी मुदत वाढवण्यासाठी अर्ज दिला. मी तो वाचलाय. "माझ्या घरातील एक सदस्य कात टाकीत असल्यामुळे" अशी त्याची सुरुवात होती. अध्यक्ष शुक्रवारी संध्याकाळी स्वतः बघायला आले, तेव्हा मीही तिथेच होतो. बँकेतून निवृत्त झालेले, भला माणूस, पण महिनाभर बिल्डर आणि सभासद यांच्यामध्ये पिळून निघालेला. त्यांनी टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे मेलंय. एका काडीसाठी बत्तीस घरं अडवायची का?" साडू म्हणाले, "मेलेलं नाही." अध्यक्षांनी ताईंकडे बघितलं. ताई महिनाभर वाकून वाकून खोकी बांधत होत्या, त्यांचाही बांध फुटला. "हे बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रविवारी बारापर्यंत फुलला तर टाकी बाळकुमला न्यायची. नाही फुलला तर टाकी इथंच राहील. तिथं हॉलमध्ये मी सोफा ठेवणार. अठरा वर्षं माझी माणसं गॅलरीत बसलीत." साडूंनी टाकीकडे बघितलं, मग ताईंकडे. "कबूल," म्हणाले. मला साक्षीदार म्हणून उभं केलं.

मी शनिवारी सकाळी गेलेलो तो खरं म्हणजे त्यांची समजूत काढायला. वाटेत वाक्यंसुद्धा तयार केली होती. दार उघडं होतं. रिकाम्या खोलीत साडू टाकीपुढे स्टुलावर बसून वाटीने पाणी ढवळत होते आणि दुखणारा हात सारखा बदलत होते. समजूत काढायचं राहूनच गेलं. मी खाली गेलो. तळमजल्यावरचा दुकानदार माल आवरत होता, त्याच्याकडे गेल्या होळीची एक प्लास्टिकची पिचकारी पाकिटातच पडली होती. ती आणून मी साडूंच्या हातात दिली. त्यांनी ती तीनदा धुतली, वास घेतला, पाण्यात बुडवून भरली आणि समुद्रपंख्यावर नेम धरून दट्ट्या दाबला. मेणचट सालीचा एक कोपरा जरासा हलला. "डोंबिवलीकर," ते म्हणाले, "तुम्हाला हात मोजता येत नाहीत, पण डोकं आहे."

तासाभरात आम्हा दोघांचे दंड भरून आले. एवढ्यात पहिल्या मजल्यावरचे, एस.टी.तून निवृत्त झालेले काका निरोप घ्यायला आले. ते जुन्नरकडचे, गावच्या सप्ताहात वर्षानुवर्षं वीणा घेऊन उभे राहिलेले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि बाह्या सारल्या. "असं कसं चालेल? पहारा लावा. एकाने सोडली की दुसऱ्याने धरायची. वीणा खाली टेकवत नाहीत, तशी पिचकारी टेकवायची नाही." साडूंनी लगेच बिल्डरच्या नोटिशीच्या मागच्या बाजूला तक्ता आखला, अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. शेवटचं सामान न्यायला जो जो माणूस वर चढत होता त्याला काकांनी पकडून आणलं. कुणी विचारलं नाही कशासाठी. पहारा म्हटला की पाय धुऊन उभं राहायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक. समोरच्या खोलीतल्या वहिनी तांब्याच्या गडूतून गंगाजल घेऊन आल्या, तेव्हा साडू दोन्ही हात पसरून टाकीपुढे आडवे झाले. "तांबं नको वहिनी, तांब्याने हा मरेल. गंगाजल मला द्या." आणि खरंच पिऊन टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्याने देव्हाऱ्यातली पितळी पिचकारी आणली, पितळेतही तांबं असतं म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी टाकीचे दिवे मालवेपर्यंत पिचकारी एकदाही खाली टेकली नाही. दुधावरची साय निघावी तशी साल एका बाजूने सुटून पाण्यात तरंगत होती. पण फूल एकही नाही.

रविवारी सकाळी सात वाजता पहारा परत सुरू झाला. दहा वाजता साल सगळी गेली, खालून जांभळा रंग आला, पण अंग गुळगुळीत, बंद. साडेदहा झाले. खाली बिल्डरचा माणूस किल्ल्यांची पिशवी घेऊन उभा. त्याला कुणीतरी वर बोलावलं आणि काकांनी त्याच्याकडूनही पंधरा मिनिटं करून घेतली. अध्यक्षांनी अकरापर्यंतची पाळी केली. घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं, भिजू नये म्हणून. अकराला तक्त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. अध्यक्ष पिचकारी धरून इकडे तिकडे बघायला लागले.

ताई बाळकुमहून नुकत्याच आल्या होत्या, दारात उभ्या. त्यांनी पदर खोचला, पुढे येऊन अध्यक्षांच्या हातातून पिचकारी घेतली. अठरा वर्षांत त्यांनी त्या टाकीत बोट बुडवलेलं मी बघितलं नव्हतं. त्या भरत होत्या, सोडत होत्या, भरत होत्या. साडू त्यांच्याकडे बघत होते, समुद्रपंख्याकडे बघायचं विसरले होते. त्यामुळे पहिल्यांदा दिसलं ते ताईंनाच. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "इथं काहीतरी हललं."

वरच्या डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका. मग शेजारी दुसरा. मग अख्खी एक कड लव आल्यासारखी झाली. साडूंनी भिंग काढलं, पण स्वतःच्या डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना दिसेना. त्यांनी ते अध्यक्षांना दिलं आणि म्हणाले, "मोजा." अध्यक्ष गुडघ्यावर बसले. बँकेत नोटा मोजलेला माणूस, त्यांनी ओठ हलवत मोजले आणि पहिल्याच फटक्याला वर बघून म्हणाले, "आठ." खोलीत जो गलका झाला तो खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेला असेल. काकांनी पुंडलिक वरदाची आरोळी ठोकली, वहिनींनी साखर वाटली. बिल्डरच्या माणसाला कुणीतरी मिठी मारली, तोही मारू देत होता. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

पुढचं तासाभराचं काम बत्तीस घरांनी मिळून केलं. खारं पाणी बादल्यांतून, कळशांतून, रंगाच्या रिकाम्या डब्यांतून तीन जिने खाली आलं, हातोहात, एकेका पायरीवर एकेक माणूस. तांब्याची कळशी नाही ना, हे वहिनी स्वतः बघत होत्या. समुद्रपंखा झाकणाच्या बादलीत, पूर्ण पाण्यात, आणि ती बादली टेम्पोत माझ्या मांडीवर. किल्ली देताना अध्यक्ष साडूंना म्हणाले, "तुमचा अर्ज मी फायलीला लावतो."

बाळकुमच्या घरमालकीणबाई तिथल्या जुन्या कोळी घरातल्या. त्या दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर चौकटीत मढवलेलं इंद्रजाल. ते बघून मी बादली उंबऱ्यापाशी ठेवून साडूंकडे वळलो. ताईंनी साडूंचं कोपर आधीच धरलं होतं. साडूंनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि काही बोलले नाहीत. बाईंनी बादलीत डोकावून बघितलं. "अगो बाय, ह्यो जित्ता हाय?" त्या म्हणाल्या. "माझा बाप खाडीतून भायेर दर्यात जायचा, तवा जालीत यायचा ह्यो. बाप परत सोडायचा पान्यात. मी जित्ता पयल्यांदाच बघतंय." साडूंनी हात मोजायला भिंग पुढे केलं. त्यांनी भिंग न घेताच सांगितलं, आठ. बापाने लहानपणीच सांगून ठेवलं होतं. आठवड्याने मी गेलो तेव्हा दारावरची चौकट नव्हती. कुणी काढायला सांगितलं, ते मी विचारलं नाही.

पंप शेवटी सापडला तो देवघराच्या खोक्यात, घंटेच्या शेजारी. सोफा बाळकुमलाही पडवीतच आहे. ताईंनी स्वतःच ठेवला, पण त्यावर आता छत बांधून घेतलंय. वर्तकनगरात त्या बिल्डिंगच्या जागी मोठा खड्डा आहे. बत्तीस घरं कळवा, कल्याण, डोंबिवली अशी कुठे कुठे पांगलीत, पण रविवारी कुणी ना कुणी बाळकुमला उगवतो. पिचकारी टाकीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. येणारा माणूस ती काढतो, दोन-चारदा मारतो, शेजारच्याच्या हातात देतो. पंप असताना त्याची गरज नाही, पण खाली टेकवत कुणी नाही. एस.टी.वाले काका आता येऊ शकत नाहीत. त्यांची पाळी त्यांचा मुलगा करतो.

परवा गेलेलो तेव्हा साडूंनी मला समुद्रपंख्याची कड दाखवली. पंखा नेहमी प्रवाहाला तोंड देऊन वाढतो. इथे पंप दुसऱ्या बाजूला आहे, त्यामुळे नवी आलेली बोटभर जाळी तिरकी वळलीय. जुनी मात्र अजून तशीच, वर्तकनगरच्या हॉलमध्ये होती त्या तोंडाची. "ती आता वळायची नाही," साडू म्हणाले. भिंग त्यांना हल्ली दोन्ही हातांनी धरावं लागतं. नवीन इमारतीत त्यांना चौदावा मजला मिळणार आहे, अजून तीन वर्षं तरी लागतील, त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी मला भिंग दिलं आणि म्हणाले, "मोजा, डोंबिवलीकर."

मी पाटावर बसलो. खरं सांगायचं तर मला आठ हात त्या रविवारपासूनच दिसायला लागलेत, अगदी स्वच्छ. पण आठ म्हटलं की चहा येतो, आणि चहा झाला की उठायची वेळ होते. मी सावकाश मोजले.

"सात," मी म्हणालो.

"परत मोजा," साडू म्हणाले आणि माझ्या शेजारी पाट ओढून बसले.